आमचं भंगार आत येऊ द्या : चेन रिअ‍ॅक्शन मशीन स्पर्धेच्या आयोजकांना खुलं पत्र

माननीय आयोजक समिती,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात लोकमान्य नगरला राहते. तिथेच माझं छोटं दुकान आहे, ब्लाऊज शिलाई, फॉल-पिको, अल्टर वगैरे. माझी लेक नववीत आहे आणि तुमच्या आंतरशालेय चेन रिअ‍ॅक्शन मशीन स्पर्धेत तिची टीम गेली दोन वर्षं उतरतेय. पाच पोरं आहेत, तीन मुली दोन मुलगे, सगळी मराठी माध्यमातली. परवा रात्री त्यांच्या ग्रुपवर तुमची यावर्षीची नियमावली आली, अकरा पानी पीडीएफ, ती मी दुकान बंद केल्यावर मोबाइलवर वाचली आणि मग परत वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे त्यामुळे काहीतरी उलटंच कळलं असेल. मग लेकीला दिली वाचायला. ती काही बोलली नाही. उठली, त्यांच्या मशीनच्या सामानाचा पत्र्याचा डबा होता तो झाकण लावून कॉटखाली सरकवला आणि जेवायला बसली.

तुमच्या ऑफिसला मी आधी मेल केला होता हे इथेच सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की ताई आधी आमच्याशी बोलायचं होतं. एका ओळीचं उत्तर आलं, नियम अंतिम आहेत. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. भांडायला नाही लिहीत. तुमची स्पर्धा चांगली आहे म्हणूनच लिहितेय, वाईट असती तर पोरीला सांगितलं असतं सोड आणि बीजगणित कर.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकदम साधं काम असतं, म्हणजे घंटा वाजवायची किंवा फळा पुसायचा, आणि ते शक्य तितकं वाकड्या रस्त्याने करायचं. गोटी घरंगळते, ती चमच्यावर पडते, चमचा उलटतो, दोरी सुटते, दोरीने वजन खाली येतं, असं करत करत शेवटी घंटा वाजते. पहिला धक्का माणसाने द्यायचा आणि नंतर हात लावायचा नाही, लावला की टच धरतात आणि मार्क कापतात. लेकीने पहिल्यांदा घरी येऊन चेन रिअ‍ॅक्शन म्हटलं तेव्हा मी म्हटलं, चेनचं काय त्यात, पँटीची की पर्सची? टेलरला चेन म्हटलं की तेच आठवणार ना. ती अर्धा तास हसत होती. पण गंमत अशी की मागच्या वर्षीच्या मशीनमध्ये त्यांनी खरंच एक चेन घातली, ते पुढे सांगते.

ह्या सगळ्याचा मूळ पुरुष रुब गोल्डबर्ग. १८८३ सालचा, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा. इंजिनियरिंगची डिग्री घेतली, शहराच्या पाणी आणि गटार खात्यात नोकरीला लागला आणि सहा महिन्यांत ती सोडून पेपरात चित्रं काढायला गेला. (आपल्याकडे असं केलं असतं तर घरच्यांनी काय केलं असतं ते सांगायला नको.) त्याचं १९३१ सालचं एक चित्र लेकीने मला दाखवलं. एक माणूस सूप पितोय आणि त्याची हनुवटी आपोआप पुसली जावी म्हणून डोक्यावर यंत्र बांधलंय. चमचा तोंडाकडे नेला की दोरी ओढली जाते, पळी उडते, बिस्किट हवेत जातं, त्याच्यामागे पोपट उडी मारतो, पोपटाची दांडी कलंडते, त्यावरचे दाणे बादलीत पडतात, बादली जड झाली की दोरी खेचून लायटर पेटतो, त्यावर दिवाळीतलं रॉकेट सुटतं, रॉकेटला बांधलेला विळा दोरी कापतो आणि लंबकाला बांधलेला रुमाल झोके घेत हनुवटी पुसतो. आता ह्यात मला सांगा, दुकानातून विकत आणलेलं किट कुठे आहे? पळी आहे, बादली आहे, विळा आहे, पोपट आहे. घरात, अंगणात जे पडलंय ते आहे. लोक हसायचे ते त्यालाच.

पुढे त्याच्या नावाने स्पर्धा सुरू झाली ती अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत, १९४९ साली, इंजिनियरिंगच्या पोरांच्या दोन गटांत. १९५५ ला बंद पडली, १९८३ ला परत चालू झाली आणि १९८८ पासून देशपातळीवर गेली. तिथले टास्क बघा, २०१४ ला चेन लावणे (मी म्हटलं हे तर मी दिवसातून वीसदा करते, बोलवा मला), २०१५ ला फळा पुसणे, २०१६ ला छत्री उघडणे, २०१७ ला जखमेवर पट्टी चिकटवणे. पर्ड्यूच्याच पोरांनी २०१२ ला फुगा फुगवून फोडायला ३०० स्टेप्सचं मशीन केलं. तीनशे! आणि तुमच्याही पहिल्या वर्षीच्या पत्रकावर गोल्डबर्गचंच नाव होतं, ‘घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून’ असे शब्द होते, ते पत्रक माझ्या दुकानात भिंतीला अजून चिकटवलेलं आहे.

आता आमच्या पोरांनी मागच्या वर्षी काय केलं ते सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळणार नाही.

टास्क होता शाळेची घंटा वाजवणे. पोरांनी २२ स्टेप केल्या. सुरुवातीला वायरिंगची पांढरी प्लास्टिक पट्टी, केसिंग म्हणतात ती, तिच्यातून गोटी यायची. पट्टी एका वायरमन काकांनी दिली, त्यांच्याकडे तुकडे उरलेच होते. मग डोमिनो, म्हणजे ओळीत उभे केलेले तुकडे, एक पडला की पुढचा पडतो. डोमिनोला प्लायवूडचे तुकडे, ते वागळे इस्टेटमधल्या एका सुताराच्या गाळ्यातून आणले, फुकट. एमआयडीसी १९६२ साली चालू झाली ती वागळे इस्टेटपासूनच, आणि आज कितीही कंपन्या जाऊन तिथे काचेच्या बिल्डिंगी आल्या तरी गल्लीत शिरलं की लेथवाला, पॅकिंगवाला, पत्रा वाकवणारा असा एकेक गाळा अजून आहे आणि पोरं जाऊन काका काही उरलंय का विचारतात तर कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा पाजतात. त्या प्लायच्या तुकड्यांची पण एक गोष्ट आहे. लोर्न व्हाइटहेड म्हणून एक भौतिकशास्त्रज्ञ आहे, त्याने १९८३ मध्ये दाखवलं होतं की एक डोमिनो स्वतःच्या दीडपट मोठ्या डोमिनोला पाडू शकतो. आमच्यातल्या चष्मेवाल्याने ते कुठेतरी वाचलं आणि ३ सेंटीमीटरच्या तुकड्यापासून सुरुवात करून दीडपट दीडपट करत आठवा तुकडा ५१ सेंटीमीटरचा केला. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा पडतो आणि शेवटी जवळजवळ माझ्या गुडघ्याएवढी फळी धाडकन आडवी होते. ते पहिल्यांदा झालं तेव्हा आमच्या खालच्या आजी वर आल्या होत्या काय पडलं बघायला. नंतर त्या रोज यायला लागल्या, बघायला.

फळी पडली की दोरी सुटायची, दोरीला वाळूची पिशवी आणि पिशवी बांधलेली एका चेनच्या रनरला (चेन उघडबंद करताना सरकतो तो). ही माझी स्टेप. म्हणजे कल्पना लेकीची, चेन माझ्या डब्यातली. कापडाची उभी थैली शिवली, तिला खाली येणारी चेन लावली, आत राजमा भरला. वाळूच्या वजनाने रनर खाली आला की थैली उघडणार, राजमा तराजूच्या पारड्यात पडणार. कागदावर मस्त. प्रत्यक्षात चेन अडकायची. पाव किलो लावलं, अडकली. अर्धा किलो लावलं, सुटली पण मध्येच तिरकी होऊन थांबली. चार दिवस गेले त्यात. शेवटी मी म्हटलं अगं, चेन अडकली की आम्ही दातांवर मेणबत्ती घासतो. घासली. सरळ सर्रकन खाली. त्या पाच पोरांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, वीस वर्षं शिलाई करतेय, एकाही गिऱ्हाइकाने तसं बघितलेलं नाही.

आणि त्या दिवशी मला माझंच मशीन नव्याने दिसलं. पायडल दाबलं की पट्टा फिरतो, पट्ट्याने चाक, चाकाने सुई खाली, सुईबरोबर शटल फिरून सुईच्या धाग्याचा फास धरतं आणि खालच्या बॉबिनच्या धाग्याभोवती नेतं, तेवढ्यात दाते कापड एक टाका पुढे सरकवतात, वरचा लिव्हर धागा ओढून टाका आवळतो. एक पायडल आणि एवढं सगळं, ते पण एका क्षणात, आणि वरचं टेन्शन जरा जास्त झालं तर सगळं बिघडतं. मी आठवी पास आहे. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं की मी रोज जे चालवते त्याला पण डोकं लागलेलं आहे.

तर आता तुमची नियमावली.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार किटची. यावर्षी मशीन फक्त तुमच्या स्पॉन्सर कंपनीच्या किटमधल्या पार्ट्सचं करायचं, बाहेरची एकही वस्तू चालणार नाही, आणि कारण लिहिलंय सुरक्षा आणि प्रेझेंटेबल दिसणं. किटची किंमत ९ हजार, त्यावर जीएसटी वेगळा. पाच पोरांत वाटले तरी माणशी अठराशेच्या वर जातात. आमच्या टीममध्ये एकाचे वडील रिक्षा चालवतात, एकीची आई दोन घरची पोळीभाजी करते. नऊ हजार हा त्यांच्यासाठी आकडाच नाही हो, ती वेगळीच गोष्ट आहे. काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, पोरांनी स्वतः काहीतरी बनवून बघायची प्रयोगशाळा, केंद्र सरकारची २०१६ पासूनची योजना, २० लाखांपर्यंत अनुदान असतं, त्या शाळा किट घेतील पण. आनंद आहे. आमच्या शाळेत नाही ती. म्हणून तर ही स्पर्धा आमच्यासाठी होती, की लॅब नसली तरी चालतं.

पण समजा उद्या कोणी देणगी दिली आणि किट फुकट मिळालं. तरी माझी तक्रार तीच राहील. तुमच्या किटचा व्हिडिओ बघितला मी. रंगीत प्लास्टिकचे ट्रॅक, तयार पुली, तयार डोमिनो, सगळं एकमेकांत टक्कन बसतं. चाळीस टीमकडे तेच चाळीस खोके. माझ्या धंद्यातलं सांगते, रेडीमेड कुर्ता वाईट नसतो पण तो कोणाच्याच खांद्याला नीट बसत नाही, आणि तो घालून कोणी शिवायला शिकत नाही. पोरं शिकली ती पार्ट बसत नाही म्हणून. गोटी पट्टीच्या जोडावर उडते म्हणून चिकटपट्टी आतून लावायची की बाहेरून, गरारीला म्हणून बॉबिन वापरलं तर दोरी कडेवरून घसरते मग काय करायचं (दोन्ही बाजूला बटणं चिकटवली, मोठी, कोटाची), हे सगळं किटमध्ये कोणीतरी आधीच सोडवून ठेवलेलं आहे. मग पोरांनी काय करायचं, जोडायचं नुसतं?

सुरक्षेचं म्हणाल तर तिथे तुमचं बरोबर आहे आणि मी ते मान्य करते. मागच्या वर्षी एका टीमने दोरा जाळायला पेटती मेणबत्ती ठेवली होती, शेजारी कागदाचे डोमिनो. दुसऱ्या एकांनी फुटकी ट्यूबलाइट आणली होती, ती तर मी स्वतः बघितली आणि त्यांच्या सरांना सांगितलं. असलं बंद करायलाच पाहिजे. पण त्यासाठी एक यादी पुरते ना. उघडी ज्योत नको, ब्लेड नको, काच नको, घरच्या विजेवर चालणारं काही नको, जिवंत प्राणी नकोत (पोपटाची सोय तिथेच संपली, ठीक आहे). दारात एक टेबल टाका, प्रत्येक टीमचं सामान तपासा, नको ते बाहेर ठेवा. बुडाला मुंग्या चावल्या म्हणून पाट जाळायचा का?

दुसरी तक्रार वेळेची आणि रनची, आणि ह्यात गणित आहे तर जरा धीर धरा. मागच्या वर्षी सेटअपला दोन तास होते आणि तीन रन, म्हणजे मशीन चालवून दाखवायच्या तीन संधी मिळायच्या, त्यातला बेस्ट धरायचे. यावर्षी सेटअप चाळीस मिनिटं आणि रन एकच. कारण लिहिलंय कार्यक्रम लांबतो. लांबतो हे खरंय, मागच्या वर्षी बक्षीस समारंभ रात्री आठला झाला आणि आम्ही पावणेअकराला घरी पोचलो. पण एका रनने काय होतं ते लेकीने मला मापाच्या वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. समजा प्रत्येक स्टेप शंभरातून ९५ वेळा नीट चालते. आपल्याला वाटतं ९५ म्हणजे मेरिट. पण २२ स्टेप एकामागोमाग सगळ्याच चालल्या पाहिजेत, म्हणजे ०.९५ ला २२ वेळा गुणायचं. उत्तर येतं ०.३२. शंभरातून फक्त ३२ वेळा घंटा वाजणार. स्टेप ९८ टक्क्यांवर नेली तर ६४. ९९ ला नेली तर ८०. माझा विश्वास बसेना, मी कॅल्क्युलेटरवर परत केलं, तेवढंच आलं.

म्हणून ही पोरं एकेक स्टेप पन्नास पन्नास वेळा चालवून बघतात आणि भिंतीवर पेन्सिलने रेघा मारतात, चालली की उभी, फसली की आडवी. (भिंत आमची आहे. रंग यावर्षी दिवाळीला नाही द्यायचा असं ठरलंय.) मागच्या वर्षी त्यांची प्रत्येक स्टेप ९८ च्या आसपास आली होती. आता बघा, एका रनमध्ये त्यांना ६४ टक्के संधी. तीन रन मिळाले तर निदान एकदा तरी मशीन पूर्ण जायची शक्यता साधारण ९५ टक्के. म्हणजे तीन रन असतील तर ज्याने मेहनत केली त्याचं मशीन चालतं. एका रनमध्ये तीनातल्या एका चांगल्या टीमला नुसत्या नशिबाने बाद व्हायचंय. आणि ह्यातून टीम काय शिकतील ते पण सांगते, स्टेप कमी करा. आठ दहा स्टेपचं सेफ मशीन करा आणि घरी जा. तुम्हाला तेच हवंय का?

रनच्या मध्ये जे होतं ना ते तर खरं बघण्यासारखं असतं. मागच्या वर्षी आमचा पहिला रन अकराव्या स्टेपला थांबला, हॉलमधल्या पंख्याच्या वाऱ्याने कागदाची घडी हलली म्हणून. पोरांनी रडारड केली नाही. एकाने पंखा बंद करायला सांगितलं, तो बंद करता येत नाही म्हणाले कारण प्रेक्षक उकडतात, तर लेकीने माझ्या पर्समधली सेफ्टी पिन घेऊन घडीला वजन म्हणून लावली. दुसरा रन एकविसाव्याला थांबला. एकविसाव्याला! मी बाहेर जाऊन उभी राहिले, बघवेना. तिसऱ्याला घंटा वाजली आणि अख्खा हॉल ओरडला, ज्यांच्याशी आमची स्पर्धा होती ती पोरं पण. तुम्ही सगळे तिथे होतात. नंबर आला नाही आमचा, चौथे आलो, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

चाळीस मिनिटांचं एवढंच म्हणेन की आम्ही मशीन घेऊन लोकमान्य नगरहून टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स हार्बर लोकलने सामानाच्या डब्यातून नवी मुंबईला येतो. टेम्पो परवडत नाही. मशीनचे सात तुकडे असतात, तुर्भ्यापर्यंत प्रत्येकाच्या मांडीवर एकेक. उतरल्यावर निम्मं परत जोडावं लागतं. ज्यांचं मशीन शाळेच्या बसमधून अख्खं येतं त्यांना चाळीस मिनिटं पुरतील.

तिसरी गोष्ट, मार्क. शंभरातले चाळीस मार्क आता स्लाइड्सना आणि त्या इंग्रजीतच सादर करायच्या. मागच्या वर्षी हे दहा होते. म्हणजे मशीन नाही चाललं आणि स्लाइड छान असतील तरी माणूस वर जाणार. आमच्या पोरांना इंग्रजी येत नाही असं नाही, लिहितात, वाचतात, पण पाहुण्यांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की घशाला कोरड. मागच्या वर्षी एका परीक्षक मॅडमनी विचारलं, व्हॉट इज युवर लर्निंग आउटकम, म्हणजे यातून काय शिकलात. पाचही पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग शेजारचे एक वयस्कर परीक्षक होते त्यांनी वाकून मराठीत विचारलं, काय रे, ही गोटी इथे वळणावर उडून बाहेर जात नाही का? झालं. आमचा एरवी तोंड न उघडणारा पोरगा सुरू झाला, वळणाची बाहेरची कड का उचलली, उंची किती ठेवली की वेग किती होतो, जास्त ठेवली तर काय होतं, थांबेचना, शेवटी मॅडमच म्हणाल्या ओके ओके. लर्निंग आउटकम तोच होता. फक्त तो मराठीत होता.

चौथी तक्रार माझी स्वतःची आहे, म्हणून शेवटी ठेवली. प्रत्येक टीमबरोबर एक टेक्निकल मेंटॉर लागेल आणि त्याच्याकडे इंजिनियरिंगची पदवी किंवा रोबोटिक्सचं सर्टिफिकेट पाहिजे, बाकी कोणाला सेटअपच्या जागेत प्रवेश नाही. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई बीएस्सी बीएड आहेत, म्हणजे त्या पण बाहेर. मी तर बाहेरच. मला आत येऊन मिरवायचं नाहीये. मशीनला मी हात लावत नाही, एकदाच लावला होता, रात्री बारा वाजता एक गाठ सैल दिसली म्हणून आवळायला गेले तर लेक झोपेतून उठल्यासारखी ओरडली, आई टच धरतात! पण मेंटॉर म्हणून क्लासवाला माणूस भाड्याने आणायचा तर त्याची फी वेगळी, आणि मग मशीन कोण करतं हे आपण सगळे जाणतो. मागच्या वर्षी दोन टीमच्या मशीनला वेल्डिंग होतं इतकं सुबक की आमच्या वागळे इस्टेटच्या काकांनी फोटो बघून म्हटलं, हे आठवीच्या पोराचं काम असेल तर मी त्याला उद्या कामावर ठेवतो. त्याबद्दल तुमच्या अकरा पानांत एक ओळ नाही. पालकांनी आणि क्लासवाल्यांनी मशीन बांधू नये ह्यासाठी नियम करा, आम्ही टाळ्या वाजवू. पदवी बघून काय होणार आहे? ज्याच्या नावाने तुम्ही ही स्पर्धा चालू केलीत त्याच्याकडे होती पदवी, आणि तो ती गुंडाळून चित्रं काढायला गेला.

प्रवेश फी पाचशेची बाराशे झाली हे पण आहे, पण त्यावर मी जास्त बोलत नाही, हॉलचं भाडं वाढलं असेल.

तर आमच्या मागण्या. माझ्या एकटीच्या नाहीत, आमच्या भागातल्या आणखी दोन टीमच्या पालकांशी बोलून लिहितेय.

किटची सक्ती काढा. ज्यांना किट वापरायचंय त्यांनी वापरावं, स्पॉन्सरचा बॅनर लावा, आम्ही त्याच्यासमोर फोटो पण काढू, पण घरातली आणि भंगारातली वस्तू चालेल असं स्पष्ट लिहा आणि त्याबरोबर काय चालणार नाही त्याची यादी द्या. तीन रन परत द्या. वेळच नसेल तर दोन द्या, पण एक नको, आणि कार्यक्रम लांबतो तर भाषणं कमी करा, मागच्या वर्षी सहा झाली, मी मोजली. सेटअपला निदान दीड तास. स्लाइड्सचे मार्क परत दहावर आणा आणि पोरांना मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, ज्यात बोलायचंय त्यात बोलू द्या. मेंटॉरची पदवीची अट काढा, शाळेचे कुठलेही शिक्षक किंवा पालक चालतील असं करा आणि त्याऐवजी परीक्षकांनी प्रत्येक पोराला एकेका स्टेपबद्दल वेगळं विचारावं, कोणी बांधलंय ते दोन मिनिटांत कळेल. आणि सेटअपच्या वेळी तरी पंखे बंद.

नोंदणी ह्या महिनाअखेर बंद होतेय, तर त्याच्या आत कळवा. कारण यावर्षीचा टास्क तुम्ही आकाशकंदील वर चढवून आत दिवा लावणे असा दिलाय, आणि खरं सांगते, टास्क इतका सुंदर आहे की डबा कॉटखाली एकच रात्र राहिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पाचही जण परत जमली. कंदिलाला बांबूच्या कामट्या आल्यात, गरारीसाठी माझी जुनी चार बॉबिन गेलीत, आणि दिव्याचं बटण दाबायला काहीतरी इलॅस्टिकचं चाललंय त्यात माझं दोन मीटर नवंकोरं इलॅस्टिक पण गेलं. किटमधलं ह्यात काहीही नाही. पिकोचं टेबल त्यांनी अडवलंय. दिवाळीचे एकोणतीस ब्लाऊज बाकी आहेत माझे, गिऱ्हाइकं दारात उभी राहून आधी मशीन बघतात आणि मग ब्लाऊज मागतात. तुमचा निर्णय जो असेल तो लवकर सांगा म्हणजे मला टेबल कधी मिळेल ते कळेल.

आपली,
एक आई आणि टेलर,
लोकमान्य नगर, ठाणे